संडासात बर्फ

सकाळी साडेनऊच्या सुमारास थेंबसाहेब मोटरहोमच्या संडासातून बाहेर आले, दार हलक्या हाताने ओढून घेतले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"झालं का?" काकूंनी विचारले. खांद्यावर टॉवेल टाकून त्या गेली वीस मिनिटे या पायावरून त्या पायावर होत होत्या.

"माझं झालं," थेंबसाहेब म्हणाले. "पण आता आणखी कुणाचं होईल असं वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खाली जात नाहीये."

"काय खाली जात नाहीये?"

"अगं, काय काय विचारतेस! जे जायला पाहिजे ते."

काकूंनी त्यांना बाजूला सारले, आत डोकावल्या आणि गेल्या त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आल्या. "अहो, हे तर पार वर आलंय! आणि व्याही चार वाजता येतायत!"

"मला माहीत आहे ते किती वाजता येतायत," थेंबसाहेब क्षीण आवाजात म्हणाले आणि समोरच्या पलंगावर मटकन बसले.

थेंबसाहेब हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती, आणि त्यातली निदान तीस लोकांचे गळके नळ हुडकण्यात. कुठे थेंब पडला तर यांना तीन गल्ल्या पलीकडून ऐकू येतो, असे कचेरीतले लोक म्हणत. नाव तिथेच चिकटले. त्यांच्या पत्नीला तिथले सगळे काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. लग्नानंतर दोघे पहिल्यांदा बाहेरगावी फिरायला गेले, तेव्हा हॉटेलच्या न्हाणीघरातला नळ गळत होता. पहिला दिवस थेंब मोजण्यात गेला, दुसरा पाना मिळवण्यात, आणि तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला तेव्हा परतीच्या गाडीची वेळ झाली होती. काकू हा किस्सा हसत सांगत, पण फार हसत नसत.

गाडी होती व्याह्यांची, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांची. ते जहाजांवर मुख्य इंजिनियर होते आणि निवृत्त झाल्यावर सहा वर्षांपूर्वी त्यांनी हे चाकांवरचे घर घेतले होते. आत दोन पलंग, ओटा, फ्रिज आणि कपाटाएवढा संडास. "तुम्ही दोघं पुढे जा, तळ्याकाठच्या कॅम्पवर चार दिवस राहा. शनिवारी चारला आम्ही येऊन मिळतो, मग चौघं मिळून महिनाभर भटकू," ही योजना त्यांचीच. किल्लीबरोबर त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली एक्केचाळीस पानांची सूचनावही दिली होती. व्याह्यांचे सगळेच असे. बुटांना चकाकी, मिशीला धार, घड्याळ सेकंदाबरहुकूम. त्यांच्याशेजारी उभे राहिले की थेंबसाहेबांना आपल्या शर्टाचे एक बटण चुकीच्या काजात आहे असे उगाचच वाटू लागे. म्हणून तर किल्ली घेताना ते जरा जास्तच बोलून गेले होते: "व्याहीबुवा, पाणी आणि सांडपाणी या दोन गोष्टींची तुम्ही काळजीच करू नका. तो माझा प्रांत."

आणि आता त्यांच्याच प्रांतात बंड झाले होते.

"मी मॅनेजरबाईंना विचारून येते," काकू म्हणाल्या. "कॅम्पमध्ये एवढ्या गाड्या येतात, त्यांना उपाय ठाऊक असेल."

"खबरदार! कुणाला कळता कामा नये. मलनिस्सारण खात्याचा माणूस आणि त्याच्याकडे तुंबलं! लोक काय म्हणतील? व्याही काय म्हणतील?"

"मग त्या वहीत बघा काहीतरी."

"वहीत विशेष काही नाहीये," थेंबसाहेब घाईने म्हणाले, आणि त्या घाईनेच घात केला. काकूंनी फ्रिजवरची वही उचलली, पाने उलटली आणि सतराव्या पानावर थांबल्या. तिथे व्याह्यांनी लिहिले होते की, प्रत्येक वापरानंतर किमान तीन लिटर पाणी सोडावे. खालच्या टाकीची झडप बंद ठेवावी आणि टाकी भरत आली की मगच एकदम उघडावी. त्यातले 'तीन लिटर' लाल शाईने खोडून वर 'अर्धा पेला' लिहिले होते. झडपेच्या वाक्यावर फुली होती. समासात 'अपव्यय' असा शेरा होता आणि खाली तारखेसह थेंबसाहेबांची सही.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "तरीच तिथे दोरीला पेला बांधून ठेवलाय! आणि झडपेचं काय केलंत?"

"उघडी ठेवली. पहिल्या दिवसापासून. अगं, घाण साठवायची कशाला? पाइप गटाराला जोडलाय, जे येईल ते जाईल, असा माझा हिशेब होता."

येत होते, पण जात नव्हते. अर्धा पेला पाणी उघड्या झडपेतून एकटेच निसटे, आणि बाकीचा ऐवज, सोबत सुटल्यामुळे, पडल्या जागी बसून राही. चार दिवसांत सीटच्या बरोबर खाली एक टेकडी उभी राहिली होती. आज सकाळी तिचे शिखर दिसू लागले होते, एवढेच.

काकूंनी कपाळावर हात मारला नाही. त्यांनी फोन उचलला आणि लेकीला लावला.

"आई, बाबांना सांग, घाबरू नका," लेक म्हणाली. तिच्या आवाजात हसू दाबल्याचा घुसमटलेला सूर होता. "आधी झडप बंद करा. मग गरम पाणी ओता, उकळतं नको हं, पाइप वितळेल. वाट झाली की भांडी घासायचं लिक्विड, दोन झाकणं. मग चाळीस-पन्नास लिटर पाणी."

"किती?" थेंबसाहेब पलंगावरून उठले.

"आणि त्यात भरपूर बर्फ टाका. मग गाडी घेऊन वळणावळणाच्या रस्त्याने अर्धा तास हिंडून या. बर्फ आत घरंगळतो, पाणी हिंदकळतं, सगळं मोकळं होतं. आमच्या ऑफिसातली एक बाई असंच करते."

"संडासात बर्फ?" थेंबसाहेब म्हणाले. "चौतीस वर्षांत असला प्रस्ताव माझ्या टेबलावर आला नाही."

"बाबा, तुमच्या टेबलावर संडासही कधी तुंबला नव्हता. आणि माझ्या सासऱ्यांना मी काही सांगणार नाही, पण तुम्ही चारच्या आत आटपा!"

थेंबसाहेबांनी बाहेर जाऊन झडप ढकलून बंद केली. मग पाणी तापवणे सुरू झाले. विजेची किटली जेमतेम दीड लिटरची. काकू तापवत, थेंबसाहेब ओतत, अर्धा तास मुरू देत आणि वाकून कान देत. सातव्या किटलीला आतून एक खोल, समाधानी 'गुडुप' असा आवाज आला आणि टेकडीला करंगळीएवढे भगदाड पडले. दोघांनी एकमेकांचे हात धरले. एवढ्या आनंदाने त्यांनी लेकीचा दहावीचा निकालही ऐकला नव्हता.

"आता साबण आणि पन्नास लिटर पाणी," काकू म्हणाल्या.

"पंचवीस."

"अहो, ही काय भाजी आहे घासाघीस करायला?"

"असं करू. पाणी पंचवीस, आणि त्याची भरपाई म्हणून साबण जास्त." आणि काकू 'अहो, दोन झाकणं' म्हणेपर्यंत त्यांनी अख्खी बाटली उपडी केली.

मग नळीचे तोंड काकूंनी त्यांच्या हातात दिले. पाणी सुरू झाले. थेंबसाहेबांनी डोळे मिटले. मनातल्या मनात त्यांना पाच माणसांचे एका दिवसाचे पाणी, मग दहा माणसांचे, मग एक अख्खी चाळ रिकाम्या घागरी घेऊन उभी दिसू लागली.

"झालं असेल," ते कण्हले.

"नाही झालं. ओता."

"आता?"

"ओता म्हणते ना! पन्नासच्या आत हात काढलात तर व्याह्यांना मी स्वतः सांगेन." काकूंच्या गालांवर लाली चढली होती. अडतीस वर्षे अर्ध्या बादलीत अंघोळ केलेली बाई ती. वाहत्या पाण्याकडे ती एखाद्या सोहळ्याकडे पाहावे तशी पाहत होती.

बर्फ आणायला थेंबसाहेब स्वतः गेले. कॅम्पच्या कॅन्टीनमध्ये मॅनेजरबाई काउंटर पुसत होत्या. या बाई बोलायला मोकळ्या आणि ऐकायला त्याहून मोकळ्या.

"आठ पिशव्या? एवढा बर्फ?" त्यांनी डोळे मोठे केले. "काय साहेब, पार्टी वाटतं?"

थेंबसाहेबांना खोटे बोलायची सवय नव्हती. सवय नसलेल्या माणसाचे होते तेच त्यांचे झाले. "हो," ते म्हणाले.

"कसली?"

"लग्नाचा वाढदिवस."

"अय्या! कितवा?"

"अडतिसावा."

"आणि आम्हाला बोलवणार नव्हता? किती वाजता?"

सकाळपासून थेंबसाहेबांच्या डोक्यात एकच आकडा घणासारखा वाजत होता. तोच तोंडातून बाहेर पडला. "चार."

परत येऊन त्यांनी हे सांगितले, तेव्हा काकू बर्फाची पिशवी हातात धरून थबकल्या. "आपल्या लग्नाचा वाढदिवस मार्चमध्ये झाला."

"झाला का?"

"तुम्ही विसरला होतात."

"मग... राहिलेला करतोय असं समज," थेंबसाहेब म्हणाले आणि खाली मान घालून संडासात बर्फ ओतू लागले. खडे खडखडत आत गेले. एरवी सरबतातच ऐकू येणारा तो आवाज तिथून येताना ऐकून काकूंना हसू फुटले. आणि एकदा फुटल्यावर ते काही आवरेना. शेवटी थेंबसाहेबही हसू लागले. दाराशी बसून साठीपलीकडली ती दोन माणसे डोळे पुसत होती, आणि घड्याळात पावणेतीन वाजले होते.

जाड पाइप काढला, झाकण घट्ट बसवले आणि गाडी निघाली. थेंबसाहेब आयुष्यभर रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तक्रारअर्ज करत आलेले. आज मात्र खड्डा दिसला की ते गाडी मुद्दाम तिकडे वळवत. तळ्याकाठचा रस्ता वळणांचा होता. डावीकडे वळले की मागे गडगडाट होई, उजवीकडे वळले की उलटा गडगडाट. काकू संडासाच्या दाराशी स्टुलावर बसून, एका हाताने कडी धरून, वृत्तांत देत होत्या.

"वाजतंय!"

"कसं वाजतंय?"

"आधी दगडासारखं वाजत होतं, आता लापशीसारखं!"

"लापशी वाजते का?"

"तुम्ही खड्ड्यात घाला!"

दहा मिनिटांनी समोरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने दिवे उघडमीट केले. मग एका मोटारीने हॉर्न वाजवला, आतली माणसे हात हलवू लागली. थेंबसाहेबांनीही शिष्टाचार म्हणून हात हलवला. तिसऱ्या मोटारीनंतर त्यांना शंका आली. त्यांनी आरशात पाहिले. गाडीच्या टपावरून, टाकीतली हवा जायचा पाइप जिथे बाहेर निघतो तिथून, पांढराशुभ्र फेस उसळत होता आणि मागे तरंगत जात होता. काही फुगे रस्त्याकडेच्या झाडांना चिकटले होते.

"अगं, फेस!"

"साबण जास्त कुणी घातला?"

"आता भांडू नको! किती वाजले?"

"साडेतीन! फिरवा गाडी!"

कॅम्पच्या फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा त्यांच्या जागेवर पंचवीसएक माणसे जमली होती. खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर केक होता, रानफुलांचे दोन गुच्छ होते, आणि शेजारच्या गाडीतले निवृत्त दंतवैद्य गळ्यात ॲकॉर्डियन अडकवून सज्ज होते. फेसाचा तुरा मिरवत गाडी येताना पाहून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा वा! काय सजावट!" मॅनेजरबाई ओरडल्या. "आले बघा, नवरानवरी आले!"

"आता काय करायचं?" थेंबसाहेबांनी ओठ न हलवता विचारले.

"तुम्ही लोकांना धरून ठेवा," काकूंनीही ओठ न हलवता सांगितले. "मी मागच्या बाजूने पाइप जोडते आणि झडप ओढते."

"तुला जमेल?"

"अडतीस वर्षं मलनिस्सारण खात्याशीच संसार केलाय मी," काकू म्हणाल्या आणि गुच्छ स्वीकारून, हसत हसत, गाडीमागे नाहीशा झाल्या.

इतक्यात टॅक्सी आली. चारला पाच कमी. व्याही उतरले, मागोमाग विहीणबाई. चकचकीत बुटांची पावले गवतावर टाकत व्याह्यांनी गर्दीकडे पाहिले, केककडे पाहिले, ॲकॉर्डियनकडे पाहिले, आणि त्यांची ती धारदार मिशी थरथरली.

"साहेब," ते जड आवाजात म्हणाले, "आमच्या स्वागताला एवढं?"

"थोडंसंच," थेंबसाहेब म्हणाले. दुसरे काय म्हणणार!

"अहो, तीस वर्षं बंदरांत उतरत आलो, पण माझ्यासाठी कुणी बाजा वाजवला नव्हता." व्याह्यांनी त्यांना कडकडून मिठी मारली आणि कानात कुजबुजले, "जरा आत जाऊन येतो. प्रवास लांबचा झाला."

"थांबा!" थेंबसाहेब ओरडले आणि गाडीच्या पायरीवर चढून दार अडवून उभे राहिले. पंचवीस चेहरे वर झाले. थेंबसाहेबांनी निवृत्तीच्या समारंभातही भाषण केले नव्हते. कागदावर लिहून नेलेले आभाराचे चार शब्द खिशातच राहिले होते. "मला... दोन शब्द बोलायचे आहेत," ते म्हणाले. "पाणी. पाणी ही फार... पाणी जपलं पाहिजे." गाडीमागून झाकण उघडल्याचा बारीक आवाज आला. "मी जन्मभर पाणी जपलं. लोकांचं जपलं, सरकारचं जपलं. पण त्या नादात आमच्या हिने अडतीस वर्षं अर्ध्या बादलीत अंघोळ केली. पहिल्यांदा फिरायला गेलो तर मी नळ दुरुस्त करत बसलो. ती एका शब्दाने बोलली नाही. म्हणजे बोलली, पण माझ्या कानात फक्त थेंब वाजत होते. आज सकाळपासून जरा बरं ऐकू येतंय. एवढंच."

कुणीतरी नाक ओढले. आणि नेमक्या त्या शांततेत गाडीखालून आवाज झाला: आधी एक उसासा, मग गडगडाट, मग धरण फुटावे तसा धो धो लोंढा.

"वाजवा!" थेंबसाहेब किंचाळले.

दंतवैद्यांनी ॲकॉर्डियन असा काही ताणला की तळ्यावरची बदके उडाली. लोकांनी ठेका धरला, टाळ्या वाजल्या, लोंढा गात गात गटारात गेला. दोन मिनिटांनी काकू गाडीमागून अवतरल्या. केस विस्कटलेले, बाही कोपरापर्यंत वर, गुच्छ बगलेत. त्यांनी नवऱ्याकडे पाहून फक्त एकदा मान हलवली. थेंबसाहेब पायरीवरून बाजूला झाले. "या व्याहीबुवा," ते म्हणाले. "आपलंच आहे."

व्याही आत गेले ते पाच मिनिटे झाली, दहा झाली, तरी बाहेर येईनात. बाहेर केक कापला जात होता. थेंबसाहेबांचा धीर सुटला. ते आत गेले तर व्याही संडासाच्या उघड्या दारात हात बांधून उभे होते, देवळात उभे राहावे तसे.

"साहेब," व्याही म्हणाले, "हे जातंय."

"जातंय ना? गेलं पाहिजे."

"अहो, चौथा दिवस आहे! आणि जातंय!" व्याह्यांनी मागे वळून पाहिले आणि आवाज खाली आणला. "माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी तुंबतं. सहा वर्षं, प्रत्येक सहलीला. जहाजावर गोडं पाणी मोजूनमापून मिळायचं. बटण दाबलं की माझं बोट आपोआप उचललं जातं, काय करू? लिहून सगळ्यांना देतो तीन लिटर, पण माझ्याच्याने कपभरसुद्धा सोडवत नाही. दरवेळी हिला बाजारात पाठवतो आणि मागच्या मागे सफाईचा ट्रक बोलावतो. शेवटी म्हटलं, गाडी तुमच्या हाती द्यावी. खात्यातला माणूस, यावर काहीतरी तोडगा काढेल. मला सांगा, काय केलंत तुम्ही?"

थेंबसाहेबांची छाती अर्धा इंच फुगली. आता फक्त गप्प बसायचे होते. एवढे केले असते तर जन्मभराचा मान पदरात होता. त्यांनी तोंड मिटले, दोन क्षण मिटून ठेवले, आणि मग त्यांच्याच्याने राहवेना.

"सकाळी तुंबलं होतं," ते म्हणाले. "मीच तुंबवलं. तीन लिटरचं मी अर्धा पेला केलं."

व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

"बायकांना सांगायचं नाही," व्याही म्हणाले.

"माझ्या तिला माहीत आहे, तिनेच तर झडप ओढली. पण तुमचं मी पोटात ठेवीन. विहीणबाईंना मरेपर्यंत कळणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

बाहेर झाडाखाली काकू आणि विहीणबाई केकच्या बशा घेऊन बसल्या होत्या. विहीणबाईंनी काकूंची भिजलेली बाही चिमटीत धरून पाहिली, टपावर अजून बुडबुडणाऱ्या फेसाकडे एकवार नजर टाकली आणि हळूच विचारले, "तुमच्याकडे कितव्या दिवशी?"

"चौथ्या," काकू म्हणाल्या.

"चौथ्या?" विहीणबाईंनी आदराने भुवया उंचावल्या. "मग तुमचे हे बरेच म्हणायचे. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी. सहा वर्षं झाली, बाजारात जाऊन कोपऱ्यावर उभी राहते, ट्रक गेला की परत येते."

काकूंच्या हातातली बशी कलंडली. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अशा हसू लागल्या की ॲकॉर्डियन थांबला.

आत व्याह्यांनी पडदा किंचित बाजूला करून पाहिले. "बायका कशाला हसतायत हो एवढ्या?"

"पार्टी आवडली असेल," थेंबसाहेब म्हणाले.